थिसीस कुठपर्यंत आला?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्याकडे बॅनर लागतात. पनवेल, तळोजा, उरण, कुठेही जा. हॉल घेतला जातो, शाली येतात, ट्रॉफ्या येतात, एखादे नगरसेवक येतात आणि भाषणात 'इल्म हासिल करो' हे वाक्य किमान तीनदा येते. मला त्याचा राग नाही. मलाही दहावीला अशी एक ट्रॉफी मिळाली होती. अम्मीने ती अजून कपाटावर ठेवली आहे, तिच्यावरचा सोनेरी मुलामा उडाला तरी.

पुढे पोराने इंजिनीअरिंग किंवा बी.एस्सी. केले, फीसाठी एखाद्या ट्रस्टने चेक दिला, तेही चांगलेच झाले. एम.ई., एम.टेक. किंवा कॉम्प्युटर सायन्सच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला की फॅमिली ग्रुपवर 'माशाअल्लाह' पडतात. मग दीड वर्ष जाते. वर्ग संपलेले असतात, परीक्षा झालेल्या असतात, शिल्लक राहतो फक्त प्रबंध. मित्र नोकरीला लागलेले असतात. गाइड फोन उचलत नाही. लॅपटॉपवर 'फायनल', 'फायनल दोन', 'एकदम फायनल' अशा नावांच्या फाइली जमलेल्या असतात आणि त्यातल्या एकीतही चौथे प्रकरण नसते. या सहा महिन्यांत त्या मुलाला किंवा मुलीला सगळे काही विचारतात. नोकरीचे काय? लग्नाचे काय? कागद कधी मिळणार? 'थिसीस कुठपर्यंत आला?' हे मात्र कोणी विचारत नाही.

हा प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून त्याच्या जागी एक दुकान उभे राहिले आहे. त्या दुकानात मी दोन वर्षे काम केले आहे. हा लेख कोणा पावन माणसाने लिहिलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

दुकानाचे नाव सांगणार नाही. अशी दुकाने सगळीकडे आहेत, एकावर बोट दाखवून बाकीच्यांना का सोडायचे? बोर्डावर लिहिलेले असायचे: बी.ई., एम.ई., एम.सी.ए., एम.एस्सी. प्रोजेक्ट, कोडसह, रिपोर्टसह, व्हायव्हाच्या तयारीसह. माझी स्वतःची पदव्युत्तर पदवी तेव्हा प्रबंधावर अडकली होती. अब्बांची तब्येत बिघडली, घरात पैसा हवा होता, आणि हे काम रात्री बसून करता यायचे. एका प्रबंधामागे मला आठ हजार मिळत. गिऱ्हाइकाकडून दुकानदार पंचवीस-तीस घ्यायचा. दोन वर्षांत मी सात जणांचे प्रबंध लिहिले. स्वतःचा एकही पूर्ण केला नाही.

सातांपैकी चार आपले होते. हे लिहिताना हात अडखळतो, पण लिहिणे भाग आहे.

त्यांतली एक मुलगी तळोज्याकडची. तिचे वडील गॅरेज चालवायचे, हाताच्या नखांत काळे तेल रुतलेले. त्यांनी नोटा दोनदा मोजून दिल्या आणि विचारले, "पास तर होईल ना?" मुलगी बाजूला उभी होती, काही बोलत नव्हती. निघताना तिने एकच गोष्ट विचारली: "यातला कोड मला कोणी समजावून सांगेल का?" दुकानदार हसला. म्हणाला, व्हायव्हाच्या आदल्या दिवशी या, दहा प्रश्नांची उत्तरे पाठ करून घेऊ. मी पलीकडच्या खुर्चीवर होतो. काही बोललो नाही. प्रबंध लिहिला, आठ हजार घेतले.

तिचा विषय होता 'मशीन लर्निंगद्वारे हृदयविकाराचे निदान'. ऐकायला केवढा मोठा वाटतो! आता या मालाच्या आत काय असते ते ऐका, कारण घेणाऱ्याला ते कधीच सांगितले जात नाही. त्यातला डेटा अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचा. एकूण ३०३ रुग्ण, प्रत्येकाच्या १४ नोंदी. १९८८ सालापासून ही फाइल सगळ्या जगाला फुकट उपलब्ध आहे. शिकण्यासाठी उत्तम आहे, पहिल्या सत्रात हात बसवायला घ्यावी. पण ३०३ अमेरिकी रुग्णांवर पाच तयार अल्गोरिदम चालवायचे, कोणाची अचूकता किती टक्के याचा स्तंभालेख काढायचा, आणि शेवटी 'भविष्यात मोठा डेटा वापरता येईल' असे लिहून काळ्या पुठ्ठ्यात बांधायचे, याला प्रबंध म्हणत नाहीत. मी ही फाइल तीन वेगवेगळ्या लोकांसाठी तीनदा वापरली. तिघेही पास झाले.

दुसरा खपणारा माल म्हणजे नेटवर्क सुरक्षा. त्यातला नेहमीचा डेटा १९९९ च्या एका स्पर्धेसाठी केलेला. मूळ नोंदी १९९८ च्या, अमेरिकी हवाई दलाच्या जाळ्याची नक्कल करून मिळवलेल्या. २००९ मध्ये काहींनी त्यातल्या दुबार नोंदी काढून त्याची सुधारित आवृत्ती केली, ती आजही दुकानात चालते. ज्या वर्षी हा हल्ल्यांचा डेटा गोळा झाला, त्या वर्षी आपल्या घरांत मोबाइल नव्हते. त्याच्यावर २०२४ मध्ये 'आधुनिक सायबर हल्ल्यांचा शोध' असे शीर्षक छापले जाते. परीक्षकाला हे कळत नाही असे नाही. त्यालाही घरी जायचे असते.

पुढे दोन वर्षांनी ती मुलगी मला पनवेल स्टेशनवर भेटली, ठाण्याच्या गाडीची वाट पाहत. ऐरोलीच्या एका कंपनीत मुलाखत देऊन आली होती. मुलाखतीत तिला कोणी अल्गोरिदम विचारला नाही. साधा प्रश्न विचारला: तुमचा डेटा कुठला, किती रुग्णांचा, आणि तुम्ही तोच का निवडला? तिला माहीत नव्हते. ती मला म्हणाली, "सर, मी तो थिसीस कधी उघडून पाहिलाच नाही. भीती वाटते." ती मला सर म्हणाली, याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटली. त्या आठवड्यात मी दुकान सोडले.

आता माझे म्हणणे सरळ मांडतो. बालवाडीपासून एम.एस्सी.पर्यंत आपण जे शिकतो त्यात प्रश्न नेहमी दुसऱ्याचा असतो. पेपर काढणारा विचारतो, आपण उत्तर देतो. सतरा-अठरा वर्षांच्या शिक्षणात पदव्युत्तर प्रबंध ही पहिली जागा आहे जिथे प्रश्न तुम्ही विचारायचा असतो. उत्तर चुकले तरी चालते, 'ही पद्धत इथे चालत नाही' हाही निकाल असतो. आणि नेमकी हीच एक जागा आपण पंचवीस हजारांना विकून टाकतो. बाकी सगळे पेपर स्वतः लिहितो, रट्टा मारतो, रात्री जागतो, आणि जो एकमेव प्रश्न आपला असू शकला असता तो बाजारातून आणतो.

कोणी म्हणेल, पदव्युत्तर प्रबंधाला एवढे महत्त्व कशाला, खरे संशोधन पीएच.डी.त होते. १९३७ साली क्लॉड शॅनन नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने एमआयटीत मास्टर्सचा प्रबंध लिहिला. टेलिफोनच्या यंत्रणेत असतात तशा रिले-स्विचांची जोडणी जॉर्ज बूलच्या बीजगणिताने मांडता येते, एवढेच त्यात दाखवले होते. आज तुमच्या खिशातल्या फोनमधला प्रत्येक डिजिटल सर्किट त्या एका कल्पनेवर उभा आहे. दुसरे उदाहरण लिनस टोरवाल्ड्सचे. त्याने लिनक्स सुरू केले १९९१ मध्ये. ते जगभर पसरले, कंपन्या त्याच्या मागे लागल्या. तरी १९९७ मध्ये हेलसिंकी विद्यापीठासाठी त्याने बसून मास्टर्सचा प्रबंध पूर्ण केला, विषय तोच, लिनक्स. त्याला पदवीच्या कागदाची गरज होती असे कोण म्हणेल?

पण एवढ्या दूर जायचे कारण नाही. आपल्याच रायगडात महाडच्या तळ्यावर ज्यांनी पाणी उचलले, त्यांच्या आयुष्याचा हा भाग आपल्या पोरांना कोणी सांगत नाही. बडोद्याची शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. वेगळ्या बोटीने पाठवलेली त्यांची पुस्तके त्या महायुद्धात बोट बुडाल्याने गेली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी तेवढी हातात होती. त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवले, पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत घेतली, पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतले, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधासाठी डी.एस्सी.; आणि तो प्रबंधही परीक्षकांनी एकदा परत पाठवला होता, तो पुन्हा दुरुस्त करून दिला. पैसे संपणे, मधे नोकरी करणे, गाइडने परत पाठवणे, यातली एकही अडचण तुमची-माझी नवी नाही. आणि हेही बघा: त्यांना उसने देणारे कोणीतरी होते.

आता माझ्या प्रबंधाबद्दल. दुकान सोडल्यावर तो मी पुन्हा हातात घेतला. कॉलेजने मुदत वाढवून दिली, त्याची फी भरली. विषय मात्र बदलला, आणि तो मला कुठल्या पेपरात मिळाला नाही, चाचांच्या पिशवीत मिळाला. चाचांना जमिनीच्या वारसनोंदीसाठी कागद जुळवायचे होते. आधारवर एक स्पेलिंग, रेशन कार्डावर दुसरे, शाळेच्या दाखल्यावर तिसरे. सातबाऱ्यावर आजोबांचे नाव देवनागरीत 'महमद', आधारवर 'मोहम्मद', मतदारयादीत 'मोहंमद'. तलाठ्याने विचारले, हे तिघे कोण? चाचा म्हणाले, साहेब, एकच माणूस होता, तोही आता नाही.

हसू येते, पण आपल्या किती घरांत हे दुखणे आहे ते तुम्हाला सांगायला नको. ज्या काळात कागदावरचे नाव जुळले नाही तर माणसाच्या असण्यावरच शंका घेतली जाते, त्या काळात हे साधे दुखणे नाही. मी शोधले की कॉम्प्युटर नावे जुळवतो कसा. जुनी आणि अजून खूप वापरातली पद्धत साउंडेक्स नावाची. तिचे पेटंट १९१८ चे, अमेरिकेतले. नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवायचे, पुढचे स्वर टाकून द्यायचे, उरलेल्या व्यंजनांना उच्चारानुसार आकडे द्यायचे, आणि चार चिन्हांचा सांकेतांक करायचा. तिथल्या आडनावांसाठी ठीक आहे. आपल्या नावांवर चालवा, मग गंमत बघा.

'सय्यद' कसेही लिहा, लांब किंवा आखूड, सांकेतांक येतो एस-३००. चांगले झाले. पण 'साठे' लिहिले तरी एस-३०० च येतो. म्हणजे या मशीनच्या दृष्टीने सय्यद आणि साठे एकच घराणे! (आमच्या शेजारच्या साठेकाकूंना हे सांगितले तेव्हा त्यांनी शिरखुर्म्याचा हिस्सा मागितला.) उलट 'काझी' एका भावाने के ने लिहिले आणि दुसऱ्याने क्यू ने, तर सांकेतांक के-२०० आणि क्यू-२००. सख्खे भाऊ परके झाले, कारण पहिले अक्षर जसेच्या तसे ठेवायचे हा नियमच आहे. 'मोहम्मद' पूर्ण लिहिले तर एम-५३०, आणि आपल्या निम्म्या दाखल्यांवर असते तसे एम-ओ-एच-डी असे आखूड लिहिले तर एम-३००. जुळत नाही.

दुसरी पद्धत १९६५ ची, सोव्हिएत गणिती लेव्हेनश्टाइन यांची: एका शब्दाचा दुसरा शब्द करायला किती अक्षरे घालावी, काढावी, बदलावी लागतात ते मोजायचे. एम-ओ-एच-डी चे पूर्ण 'मोहम्मद' करायला रोमन लिपीत चार अक्षरे घालावी लागतात. त्याचेच 'मोहन' करायला दोन बदल पुरतात. म्हणजे मशीनला विचाराल तर मोहम्मदच्या आखूड रूपाला मोहम्मदपेक्षा मोहन जवळचा. कोणी द्वेषाने असे केलेले नाही. ज्यांनी ही पद्धत बनवली त्यांच्यासमोर आपली नावे नव्हती, एवढेच. आणि ज्यांच्या घरात ही नावे आहेत, ज्यांना कॉम्प्युटर सायन्स येते, ते क्लीव्हलँडच्या ३०३ रुग्णांचा स्तंभालेख विकत घेत होते. विकणारा मी होतो.

मोहल्ल्यात घरोघर फिरून, परवानगी घेऊन, मी फक्त नावांची स्पेलिंगे उतरवली. नंबर नाही, पत्ता नाही. आपल्या बायकांनी चहा पाजत मला जे शिकवले ते कुठल्या पुस्तकात नव्हते. कोकणातल्या मुसलमानांच्या तोंडी एखादे नाव कसे वळते, ज आणि झ मराठी कागदात कसे अदलाबदल होतात, जुन्या दस्तात 'बिन' म्हणजे 'अमक्याचा मुलगा' कसे लिहायचे. हे 'बिन' मराठ्यांच्या आणि कुणब्यांच्या जुन्या कागदांतही सापडते, ते वेगळेच. यावर नियम बसवले, चाचणी घेतली, जुन्या पद्धतींशी तुलना केली. काम फार मोठे नाही. निम्म्या जागी चुकते. पण व्हायव्हाला परीक्षकांनी पन्नास मिनिटे घेतली आणि मी एकाही प्रश्नाला भ्यालो नाही. आणि माझी बुद्धी त्या सात जणांपेक्षा काही जास्त नव्हती.

आता जे मला उत्तर देतील त्यांच्याकडे येऊ. पहिले उत्तर: सगळेच करतात, फक्त मुसलमानच का ऐकून घेणार? बरोबर आहे. माझे उरलेले तीन गिऱ्हाईक आपले नव्हते. हा धंदा जात-धर्म बघत नाही. पण सच्चर समितीने २००६ मध्ये लिहून ठेवले की देशातल्या नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांत एक मुसलमान, आणि पदव्युत्तरला पन्नासांत एक. पन्नासांतल्या त्या एकाने प्रबंध विकत घेतला, तर शिल्लक काय राहते? ज्यांच्याकडे शंभर आहेत त्यांना दहा वाया घालवणे परवडते. आपल्याला एकही परवडत नाही.

दुसरे उत्तर जास्त जड आहे, आणि मी त्याच्यासमोर मान खाली घालतो. घरात पैसा नाही. बाप आजारी आहे. जूनमध्ये नोकरीवर रुजू व्हायचे आहे. मुलीला घरचे म्हणतात, झाले तेवढे पुरे, आता कागद मिळाला की निकाह. अशा मुलाला 'प्रामाणिक राहा' असा उपदेश करणे सोपे आहे, मीही तेव्हा कोणी केला असता तर ऐकला नसता. म्हणून हा लेख त्या मुलापेक्षा जास्त बॅनर लावणाऱ्यांना आहे.

एआयसीटीई गेट परीक्षा पास झालेल्या एम.टेक.च्या विद्यार्थ्याला महिना १२,४०० रुपये देते. गेट नसलेल्याला काहीच नाही. आपल्याकडचे बहुतेक याच दुसऱ्या रांगेत असतात. सहा महिन्यांचे होतात ७४,४००. समजा याच्या निम्मेच दिले तरी ३७,२००. गुणगौरवाच्या एका कार्यक्रमाचा हॉल, मांडव, बॅनर, जेवण आणि ट्रॉफ्या यांचा हिशेब आयोजकांनी स्वतः करावा, मी करत नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की आपण पैसा देतो तो सुरुवातीला देतो, जिथे फोटो निघतो. शेवटच्या सहा महिन्यांत फोटो निघत नाही, म्हणून तिथे कोणी देत नाही. प्रवेशाचा चेक देणाऱ्या ट्रस्टने दीड वर्षांनी एकदा तरी फोन करावा. 'फीची पावती आणा' असे नाही, 'तिसरे प्रकरण आणा' असे सांगावे.

सरकारकडून मागणे सोडा असे मी म्हणत नाही, उलट. २०१४ मध्ये महाराष्ट्रात आपल्याला ५ टक्के आरक्षण देणारा अध्यादेश निघाला. उच्च न्यायालयाने त्यातला शिक्षणापुरता भाग तेव्हा रोखला नाही, तरी पुढच्या सरकारने त्याचा कायदा केला नाही आणि तो विरून गेला. पीएच.डी.साठीची मौलाना आझाद फेलोशिप २००९ मध्ये सुरू झाली होती. ती २०२२-२३ पासून बंद, असे सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेत सांगितले. उच्च शिक्षणाच्या सरकारी पाहणीत २०१९-२० मध्ये मुसलमान विद्यार्थी २१ लाख होते, २०२०-२१ मध्ये १९ लाख २१ हजार. या आकड्यांवर मोर्चे निघायला हवेत. पण मोर्च्यात पुढे चालणाऱ्याच्या बॅगेत विकतचा प्रबंध असेल, तर त्याचा आवाज किती चढेल? मी अशा एकाला ओळखतो. व्यासपीठावर फार सुंदर बोलतो. त्याचे चौथे प्रकरण मी लिहिले आहे.

कॉलेजांनाही सोडत नाही. पनवेलमध्ये आता 'इथे शिकायची सोय नाही' हे रडगाणे चालत नाही. खांदागावात २०११ पासून अंजुमन-ए-इस्लामचे काळसेकर तांत्रिक संकुल उभे आहे, आणि ही संस्था १८७४ मध्ये बद्रुद्दीन तय्यबजींच्या पिढीने मुंबईत सुरू केली. नवीन पनवेलमध्ये इतरही कॉलेजे आहेत, खाली माणगाव तालुक्यात लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. इमारती आहेत. पण गाइड म्हणून ज्याचे नाव पहिल्या पानावर असते, त्याने विद्यार्थ्याचा मजकूर किती वेळा वाचला, हे अनेक ठिकाणी कोणी तपासत नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत नक्कल दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, दहा ते चाळीस असेल तर सहा महिन्यांत सुधारून द्यायचे, चाळीस ते साठ असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, साठच्या वर गेली तर नोंदणीच रद्द. ऐकायला कडक. आमच्या दुकानात या नियमाला एकच अर्थ होता: आकडा दहाच्या खाली आणायचा. वाक्ये फिरवायची, शब्द बदलायचे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यानंतर तर तेही कष्ट उरले नाहीत. सॉफ्टवेअर वाक्याची चोरी पकडते. प्रश्न चोरीचा आहे की नाही, हे माणसालाच विचारावे लागते, आणि ते विचारायला वेळ लागतो.

एक साधी गोष्ट का होत नाही? पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगेवर टाकावे लागतात, कोणीही वाचू शकतो. मास्टर्सचे प्रबंध विभागाच्या कपाटात, सोनेरी अक्षरांच्या काळ्या बांधणीत, धूळ खात पडतात. जे कोणी वाचणारच नाही ते स्वतः लिहायचे कशाला, असे पोराला वाटले तर त्याचा दोष नाही. मोहल्ल्याच्या लायब्ररीत, जमातीच्या हॉलमध्ये, एका फळीवर आपल्या मुलामुलींचे प्रबंध का ठेवले जात नाहीत? ज्या मुलीने ग्राफ थिअरीवर सहा महिने घालवले, तिला जुम्याच्या नंतर पंधरा मिनिटे उभे करून 'बेटी, काय केलेस ते सांग' असे का विचारले जात नाही? कोणाला कळणार नाही म्हणता? तिला सांगता तरी येईल. सांगता येण्यासाठी ते तिचेच असावे लागेल.

मुलींबद्दल आणखी एक. निकाहाची तारीख प्रबंधाच्या तारखेआधी का धरली जाते, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही. हॉलची तारीख मिळत नाही म्हणून सहा महिने थांबतात. केटरर मिळत नाही म्हणून थांबतात. एका प्रकरणासाठी का थांबत नाहीत?

गेल्या वर्षीपासून आम्ही चौघे दर रविवारी असरनंतर बसतो. संस्था नाही, नाव नाही, वर्गणी नाही. एक जण आपले अर्धवट प्रकरण आणतो, बाकीचे वाचतात आणि विचारतात: हा डेटा कुठला, हाच का, हे वाक्य तुझे की कोणाचे? पहिल्या रविवारी एक जण रागावून उठून गेला. तिसऱ्या रविवारी परत आला, सोबत नवीन प्रकरण आणि समोसे. ज्याच्याकडे लॅपटॉप बरा नाही तो ब्राउझरमधून गुगलच्या फुकट मशीनवर कोड चालवतो. मर्यादा आहेत, पण मास्टर्सच्या कामाला बहुतेक वेळा पुरते. गॅरेजवाल्यांची ती मुलगीही कधी कधी येते. पदवी तिला मिळाली आहे, तिला काही द्यायचे उरलेले नाही. तिने तो काळा पुठ्ठा आणून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, आता यातला कोड समजावून सांगा. आम्ही पहिल्या ओळीपासून सुरू केले आहे.

आणि माझ्या कामातले एक भोक सांगून ठेवतो. 'कुरेशी' अजून नीट जुळत नाही. क्यू आणि के चा नियम बसवला तर काझी जुळतात, पण त्याच नियमाने दुसरी काही नावे चुकीची एकत्र येतात. देवनागरीतून रोमनमध्ये गेलेल्या आणि उर्दूतून रोमनमध्ये गेलेल्या नावांना वेगळे नियम लागतील, असा माझा अंदाज आहे, पण मी ते तपासलेले नाही. यावर एक पूर्ण प्रबंध होतो. ज्याला घ्यायचा असेल त्याने घ्यावा. कोड आणि स्पेलिंगांची यादी मी देईन, लिहून मात्र देणार नाही.